बंद करू की राहू देऊ?

जुन्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स टाकलंत, तरी तो रडतखडतच चालतोय? मग पडद्यामागे कोण कोण राबतंय, ते एकदा बघाच. फक्त कुणाला घरी पाठवण्याआधी घरातल्यांना विचारा. नाहीतर माझ्यासारखी फजिती ठरलेली!

रात्रीचे सव्वानऊ. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी नुकतीच मॅगीची पहिली वाफ घेतेय आणि बाबांचा फोन.

‘अगं, प्रिंटर मेला.’

‘मेला म्हणजे?’

‘म्हणजे दिसतच नाही. आणि शेजारची पोरगी इथं उभी आहे. उद्या सकाळी तिची सीईटी आहे, सेंटर पुण्यात. हॉल तिकिटाची प्रिंट हवीय. पौडातली झेरॉक्सची दुकानं कधीच बंद झाली.’

हा २०२५चा एप्रिल. आई-बाबा मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे आमच्या गावच्या घरी राहतात. मी शनिवार-रविवारी जाते. आणि आदल्याच रविवारी मी बाबांच्या लॅपटॉपची ‘साफसफाई’ करून आले होते. सॉल्लिड अभिमानाने! प्रिंटर मेला नव्हता मंडळी, त्याचा गळा मीच आवळला होता.

दोन मिनिटं आणि एक चहा

तो लॅपटॉप मूळचा माझा. कॉलेजातला, चार जीबी रॅमचा, आत जुनी गरगर फिरणारी हार्ड डिस्क. मास कॉमची सगळी असाइनमेंट्स त्याच्यावर झाली. नंतर त्याच्यावरचं विंडोज इतकं मंदावलं, की मी लिनक्स मिंट टाकून तो बाबांना दिला. मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती मिळते, ती टाकली. बाबांना काय हवं? पेपर वाचायचा, बँकेचं स्टेटमेंट बघायचं, डिजिटल सातबारा काढायचा, जुनी गाणी ऐकायची. सगळं जमायला लागलं.

एकच तक्रार होती. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद. ‘तोवर माझा चहा उकळून गाळूनही होतो,’ बाबा म्हणायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र ते खटकायला लागलं. कुठेतरी वाचलं होतं, की लिनक्समध्ये पडद्यामागे ढीगभर सर्व्हिसेस चालू असतात, त्या बंद केल्या की मशीन पळतं. झालं! रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले आणि मी कामाला लागले.

सर्व्हिस म्हणजे कोण?

तुमच्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. वॉचमन असतो, पाण्याचा पंप लावणारा असतो, कचरा नेणारे असतात. तुम्ही त्यांना रोज हाक मारत नाही. ते आपापलं काम करत असतात म्हणून तुमचा दिवस नीट जातो. कॉम्प्युटरमध्येही अशी मंडळी असतात. एक वायफाय सांभाळतो, एक घड्याळ बरोबर ठेवतो, एक प्रिंटरच्या कामाची रांग लावतो. यांना सर्व्हिस म्हणतात.

यांचं जुनं नाव डेमन. १९६३च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी ते ठेवलं, भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डेमनवरून. तोही न दिसता सतत राबणारा. म्हणूनच यातल्या अनेकांच्या नावाच्या शेवटी ‘डी’ लागतो.

आणि या सगळ्यांचा मॅनेजर म्हणजे सिस्टिमडी. २०१० साली तो आला, त्यावर लिनक्सवाल्यांमध्ये कडाक्याची भांडणं झाली आणि २०१५पर्यंत डेबियन आणि उबुंटूसारख्या मोठ्या मंडळींनी तो स्वीकारलाही. आज घरगुती लिनक्स म्हटलं, की बहुतेक वेळा हाच मॅनेजर असतो. कोण कामावर आहे, कोण सुट्टीवर, कोणी किती वेळ घेतला, याचा हिशोब त्याच्याकडे असतो. त्याला विचारायची आज्ञा म्हणजे सिस्टिमसीटीएल.

मी विचारलं. कामावर हजर मंडळी अडतीस!

माझी कुऱ्हाड

सिस्टिमडीकडे ‘ॲनालाइझ ब्लेम’ नावाची एक भन्नाट आज्ञा आहे. मशीन सुरू होताना कोणत्या सर्व्हिसने किती सेकंद खाल्ले, त्याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. नावातच ‘ब्लेम’ असल्यामुळे माझ्यातला पुणेकर खूश. यादी वरून वाचायची आणि एकेकाला घरी पाठवायचं, एवढंच डोक्यात.

ब्लूटूथ? बाबांकडे कुठे ब्लूटूथ हेडफोन. बंद. मोडेम मॅनेजर? आपलं नेट तर फोनच्या हॉटस्पॉटवर. बंद. अवाही, म्हणजे नेटवर्कवर शेजारपाजारची उपकरणं शोधणारा. शोधून काय करायचंय? बंद. कप्स, म्हणजे छपाईची व्यवस्था. आपल्याकडे प्रिंटर कुठाय? बंद.

कप्स मात्र चिवट निघाला. ‘डिसेबल’ केला, मशीन रीस्टार्ट केलं, तरी हा पुन्हा हजर! त्याचं कारण मला नंतर कळलं. ‘डिसेबल’ म्हणजे फक्त ‘सकाळी आपोआप कामावर येऊ नकोस.’ पण कुणी बोलावलं तर तो येऊ शकतो. कप्सचा एक सॉकेट असतो, म्हणजे दारावरची बेल समजा. छपाईची चौकशी करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने ती वाजवली, की कप्स जागा होतो. फार शहाणी व्यवस्था आहे ही. पण मी तेव्हा पेटले होते. मी त्याला ‘मास्क’ केलं. मास्क म्हणजे थेट दाराला कुलूप. बेल वाजो, कुणी हाका मारो, आतला बाहेर येणार नाही.

रीस्टार्ट केलं. एक मिनिट बावन्न सेकंद. अठरा सेकंद वाचले! मी विजयी मुद्रेने स्वारगेटकडे जाणारी एसटी पकडली. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला, तेव्हा त्या अठरा सेकंदांचा हिशोब काही डोक्यात आला नाही.

‘यात अजून करोना आहे का?’

तर, बाबांकडे प्रिंटर होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एक सेकंडहॅण्ड लेझर प्रिंटर घेतला होता, धूळ लागू नये म्हणून कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. गावातल्या कुणाला फॉर्म हवा असला, सातबारा हवा असला, की तो खाली उतरायचा. मला माहीतच नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

आता फोनवरून दुरुस्ती. बाबांनी आयुष्यात टर्मिनल उघडलेलं नाही. मी इकडून एकेक अक्षर सांगतेय, ते तिकडे एका बोटाने टाइप करतायत.

‘आता पासवर्ड टाका.’

‘अगं, टाकतोय, पण काही उमटतच नाहीये!’

‘उमटत नाही ते. दिसत नाही. तसाच टाका आणि एंटर मारा.’

‘असं कसं? चुकलं तर कळणार कसं?’

बरोबरच आहे त्यांचं. तिसऱ्या वेळी जमलं. मग मी कप्स सुरू करायला सांगितलं, तर मशीन म्हणालं नाही. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, ‘कप्स डॉट सर्व्हिस इज मास्क्ड. मास्क? यात अजून करोना आहे का?’

मागून ती पोरगी हसली. त्या हसण्यात रडू किती होतं, ते मला फोनवरही कळलं. दोन वर्षं तिने त्या परीक्षेचा अभ्यास केला होता आणि माझ्या अठरा सेकंदांसाठी ती रात्री साडेनऊला दुसऱ्याच्या ओसरीवर ताटकळत उभी होती. नशीब, लाइट होती. आमच्या तालुक्यातल्या धरणाचं पाणी भिऱ्याला जाऊन मुंबईसाठी वीज करतं, पण आमच्याकडे वारा सुटला की अंधार!

‘सुडो, सिस्टिमसीटीएल, अनमास्क, कप्स.’ एंटर. मग ‘एनेबल, डॅश डॅश नाऊ, कप्स.’ एंटर. दहा सेकंद शांतता. आणि मग फोनमधून तो आवाज आला. लेझर प्रिंटरची घरघर. मी आयुष्यात इतकं मधुर संगीत ऐकलेलं नाही.

‘थँक्यू ताई,’ ती म्हणाली. कशाबद्दल थँक्यू, ते मी तिला सांगायचं धाडस केलं नाही. तोवर मॅगीचा लगदा झाला होता.

प्रोडक्शनला हात?

हा किस्सा मी माझ्या एका मैत्रिणीला सांगितला. ती हिंजवडीत एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. (हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येतं बरं का! आयटी पार्कच्या काचा आणि बाबांची भातखाचरं एकाच तालुक्याच्या नकाशावर आहेत.) ती हसली नाही. तिने विचारलं, ‘ऑफिसमध्ये एक सर्व्हिस बंद करायची तर आम्ही आधी तिकीट काढतो. कोण वापरतं ते शोधतो. परत कशी चालू करायची ते लिहून ठेवतो. तू यातलं काय केलंस?’

‘अगं, तो घरचा लॅपटॉप आहे.’

‘तुझ्यासाठी घरचा. काकांसाठी तेच प्रोडक्शन आहे.’

पटलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी मिळून पौडला गेलो. आधी बाबांसोबत बसलो आणि लॅपटॉपवर ते काय काय करतात त्याची यादी केली. मग सर्व्हिसेसची यादी उघडली. तिने तीन गट पाडले.

पहिला गट : हात लावायचा नाही

डी-बस, युडेव्ह, जर्नल, लॉगिन सांभाळणारा लॉगिनडी, परवानग्या बघणारा पोलकिट, डेस्कटॉप दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर. ही घरातली वडीलधारी माणसं. काय करतात ते दिसत नाही, नसली की घर कोसळतं. नेटवर्क मॅनेजरही यातच. तो बंद केला तर पुढची मदत शोधायला नेटसुद्धा उरत नाही.

घड्याळ जुळवणारी टाइमसिंक सर्व्हिस अनेकांना फालतू वाटते. पण जुन्या लॅपटॉपमधला छोटा सेल संपलेला असला, की प्रत्येक वेळी तारीख चुकते. आणि तारीख चुकली, की सुरक्षित वेबसाइट्स उघडायला नकार देतात, कारण त्यांची सर्टिफिकेट्स तारखेवर तपासली जातात. बँकेची साइट उघडत नाही म्हणून तुम्ही नेटला शिव्या घालत बसाल आणि दोषी असेल घड्याळ!

आपोआप अपडेट आणणाऱ्या सर्व्हिसेसही राहू द्यायच्या. मधूनच नेट खातात हे खरं. वेळ बदला, बंद करू नका.

दुसरा गट : विचारून ठरवायचं

ब्लूटूथ, छपाई, अवाही, मोडेम मॅनेजर, फाइल शेअर करणारा सांबा. यातलं काहीच मुळात निरुपयोगी नसतं, कुणाच्या घरी आहे त्यावर ते ठरतं. मोडेम मॅनेजर माझ्या फ्लॅटवर बिनकामाचा आहे. पण खेड्यात सिमकार्डच्या डोंगलवर नेट चालवणाऱ्याचा तो बंद केला तर त्याचं नेटच गेलं. अवाही बंद केला तर वायफाय प्रिंटर सापडेनासा होतो.

तिसरा गट : बहुधा बंद करता येईल

‘नेटवर्क मॅनेजर वेट ऑनलाइन’ नावाची एक सर्व्हिस ब्लेमच्या यादीत बऱ्याचदा अगदी वर दिसते. नेट येईपर्यंत थांबून राहणं एवढंच तिचं काम. सुरू होताना नेटवर्कवरची ड्राइव्ह जोडायची वगैरे नसेल, तर घरी तिची गरज नसते. माझ्या अठरा सेकंदांतले बहुतेक सेकंद खरं तर हिचेच होते. बिचाऱ्या कप्सने जवळजवळ काहीच खाल्लं नव्हतं!

आणि इथे ब्लेमच्या यादीचा फंडा कळला. सर्व्हिसेस एकामागून एक नाही, एकाच वेळी सुरू होतात. यादीतल्या सेकंदांची बेरीज करून काही उपयोग नाही. एखादी दहा सेकंद घेत असेल, पण तिच्यासाठी कुणी थांबलेलंच नसेल तर ती काढून काही वाचत नाही. कोण कुणासाठी खोळंबलंय, हे ‘क्रिटिकल चेन’ या आज्ञेतून दिसतं. स्वयंपाकघरात कुकर, भाजी आणि कणीक एकाच वेळी चालू असताना जेवण कशामुळे लांबलं, तसंच हे.

तिसऱ्या गटातली आणखी एक म्हणजे ‘कप्स ब्राउज्ड’. हा कप्स नव्हे, त्याचा भाऊ. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून यादीत टाकणारा. २०२४च्या सप्टेंबरमध्ये सिमोने मार्गारितेल्ली या सुरक्षा संशोधकाने यातल्या आणि कप्सच्या इतर भागांतल्या त्रुटी जाहीर केल्या. बाहेरचा कुणी खोटा प्रिंटर दाखवू शकत होता, आणि तुम्ही त्यावर छापायला गेलात की तुमच्या मशीनवर त्याला हवी ती आज्ञा चालवता येत होती. त्रुटींवर उपाय आले. पण ज्याचा प्रिंटर साध्या यूएसबी वायरने जोडलाय, त्याला मुळात हा भाऊ लागतोच कशाला?

मग वेग कुठून येतो?

आता खरं सांगते, थोडी निराशा होईल. नको त्या सगळ्या सर्व्हिसेस बंद करून आमची मोजकीच मेमरी वाचली. साठ-सत्तर एमबी. ब्राउजरचा एक जडसा टॅब एवढी मेमरी सहज खातो. झोपलेली सर्व्हिस प्रोसेसरला त्रास देत नाही. दुपारी पेंगणारा वॉचमन लाइटबिल वाढवत नाही, तसंच.

बाबांचा लॅपटॉप खरा पळाला, तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर. पुण्यात दोघांच्या वीकएण्डच्या जेवणाचं जेवढं बिल होतं, तेवढ्यात काम झालं. दोन मिनिटं दहा सेकंदांवरून तीस सेकंद! बाबा जरा नाराजच झाले. चहाला वेळ पुरत नाही म्हणे.

मग सर्व्हिसेस बघायच्याच कशाला? मैत्रिणीचं उत्तर होतं, दारं मोजायला. काही सर्व्हिसेस नेटवर्कवर दार उघडं ठेवून बसतात. ‘एसएस’ नावाच्या आज्ञेने ती दारं दिसतात. पत्त्यात १२७ने सुरू होणारा आकडा असेल तर दार घरातल्या घरात आहे. चारही शून्यं असतील तर ते रस्त्यावर उघडतंय. दारावर कोण उभं आहे, हे घरमालकाला माहीत हवं. मिंटमध्ये फायरवॉल येते, पण ती आपणच चालू करावी लागते. आम्ही केली.

आणि बघायची सवय किती मोलाची? २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरच्या लक्षात आलं, की आपल्या चाचणीच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्याने खोदलं आणि एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. जगभरच्या सर्व्हरवर पसरण्याआधीच ती बंद झाली. त्याला अर्धा सेकंद खटकला आणि त्याने ‘का?’ विचारलं. मला दोन मिनिटं खटकली आणि मी कुऱ्हाड उचलली. फरक एवढाच!

२०२५च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतले कितीतरी जण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो आई-बाबांना देतायत. अगदी जरूर द्या. पण एकदा दिला, की तो तुमचा राहत नाही.

आमच्या घरी आता लॅपटॉपच्या बॅगेत एक वही असते. काय बंद केलं, कधी, का आणि परत कसं चालू करायचं, ते तिच्यात लिहायचं असा नियम मीच काढला. गेल्या वेळी उघडली, तर पहिल्या पानावर बाबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘कप्स. चालू ठेवणे. मला विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नये.’ ‘कुणीही’च्या खाली दोन रेघा.

जाता जाता...

* आधी माणसांची यादी, मग सर्व्हिसेसची. घरात कोण काय वापरतं ते विचारा.
* नाव ओळखीचं नसेल तर ‘स्टेटस’ बघा. सिस्टिमडी एका ओळीत त्या सर्व्हिसचं काम सांगतो.
* एका वेळी एकच बंद करा. दोन-चार दिवस वापरून बघा. मग पुढची.
* आधी फक्त ‘स्टॉप’. रीस्टार्ट केलं की बहुतेक सगळं पूर्ववत होतं. ठीक वाटलं तर ‘डिसेबल’. ‘मास्क’ अगदी शेवटी.
* रविवारी संध्याकाळी निघता निघता काहीही बदलू नका. पुढचा फोन सव्वानऊला येतो!